नांदेड ते संभाजीनगर विमानाने: अंतर किती, वेळ किती?

परतूरहून एका कापड दुकानदाराने प्रश्न पाठवला आहे. त्यांचे दाजी नांदेडला असतात आणि दोघांत पैज लागली आहे. दाजी म्हणतात, नांदेडहून संभाजीनगरला विमान १६ मिनिटांत जाईल, फोनवर तसंच येतंय. यांच्या फोनवर मात्र ४६ मिनिटं आली. अंतराचाही तोच घोळ. कुठे २१५, कुठे २२१, कुठे १३४, कुठे ११६, आणि रस्त्याचा नकाशा लावला तर अडीचशेच्या पुढे. तिकीट शोधायला गेले तर फोनने हैदराबादमार्गे अर्धा दिवस दाखवला. ‘यातलं खरं कोणतं? आणि थेट विमान असतं तर आम्हाला खरंच किती वेळ लागला असता?’ असा त्यांचा सवाल आहे.

आधी माझ्याबद्दल, कारण पुढचा गैरसमज टळेल. मी पायलट नव्हतो. फ्लाइट डिस्पॅचर होतो. विमान सुटण्याआधी हवामान बघायचं, मार्ग आणि उंची ठरवायची, तेल किती भरायचं त्याचा हिशोब करायचा आणि कॅप्टनसोबत त्या कागदावर सही करायची, हे माझं काम. आमच्या आईला हे शेवटपर्यंत कळलं नाही. विमान दिसलं की शेजारणीला सांगायची, ‘आमच्या पोराचं विमान जायलंय बघ.’ मी खाली अंगणातच उभा असायचो.

तर पैजेचा निकाल असा की दोघंही हरले. विमानतळ ते विमानतळ सरळ रेषेत अंतर साधारण २१५ किलोमीटर. एटीआरसारखं पंख्याचं विमान हवेत ३२ ते ४२ मिनिटं राहील. वेळापत्रकात कंपनी ५० मिनिटं ते १ तास लिहील. आणि दाजींच्या घरातून निघून संभाजीनगरच्या गुलमंडीत पोचायला सव्वातीन तास धरा. हे चारही आकडे एकाच प्रवासाचे आहेत.

अंतराचा गुंता सोडवायला सोपा आहे. २१५ हे संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळापासून नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंगजी विमानतळापर्यंतचं. २२१ हे शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंतचं. चिकलठाणा शहराच्या पूर्वेला, जालना रोडवर आहे, म्हणजे नांदेडच्या बाजूलाच. त्यामुळे पाच-सहा किलोमीटर आपोआप वाचतात. १३४ म्हणजे तेच २१५, पण आपल्या जुन्या सडकेच्या मैलांत. आणि ११६ म्हणजे पुन्हा तेच २१५, पण नॉटिकल मैलांत.

हा नॉटिकल मैल विमानवाल्यांनी जहाजवाल्यांकडून घेतला. तो १,८५२ मीटरचा असतो. अक्षांशाच्या एका अंशाचे ६० भाग केले की एक भाग म्हणजे एक नॉटिकल मैल. नकाशावर पट्टी न लावता, कडेच्या अक्षांशांवरून अंतर मोजता यावं म्हणून ही सोय. विमानाचा वेग नॉटमध्ये सांगतात, तो ताशी नॉटिकल मैल. नवीन पोरं सुरुवातीला इथेच फसतात. मीही फसलो होतो. प्रशिक्षणात एकदा किलोमीटरला नॉटने भागून वेळ काढली, आणि वर बसलेल्या साहेबांनी कागद परत देत विचारलं, ‘हे विमान कुठे रमतगमत जाणार आहे?’

फोनवरच्या वेळांचंही असंच. १६ मिनिटं कशी आली? २१५ ला ताशी ८०० किलोमीटरने भागलं. एवढंच. जणू विमान धावपट्टीवरून ८०० च्या वेगाने सुटलं आणि तेवढ्याच वेगाने नांदेडच्या धावपट्टीवर टेकलं. ४६ मिनिटं म्हणजे त्याच १६ मध्ये उड्डाण आणि उतरण्यासाठी सरसकट ३० मिनिटं मिळवली. बरीच संकेतस्थळं हेच सूत्र वापरतात. मुंबई–दिल्लीसाठी ते बरं चालतं. जवळच्या अंतरावर उत्तर बरोबर आलंच तर ते योगायोगाने येतं.

कारण जवळच्या फेरीत विमान सरळ, सपाट असं फार थोडा वेळ उडतं. चिकलठाण्याहून नांदेडला एटीआर ७२ नेऊ. या विमानाचा वरचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांना हजारांत विषम उंची मिळते, म्हणून आपण १३,००० फूट मागू. पश्चिमेकडे येताना सम, म्हणजे १४,००० किंवा १२,०००. समोरासमोरच्या विमानांमध्ये हजार फुटांचं अंतर राहावं म्हणून हा नियम.

उड्डाण झालं की विमान चढत राहतं. चढताना वेग कमी असतो. डाव्या खिडकीत जालना मागे पडतं. १३,००० फुटांवर पोचायला बारा-तेरा मिनिटं लागतात, तोवर ऐंशी-नव्वद किलोमीटर झालेले असतात. नकाशा उघडा आणि चिकलठाण्यापासून नांदेड विमानतळापर्यंत पट्टी ठेवा. रेषा परतूरच्या अगदी डोक्यावरून जाते. म्हणजे तुमच्या दुकानावर विमान येईल तेव्हा नुकतं कुठे चढण संपवून सपाट झालेलं असेल. त्यानंतर सेलू थोडं उजवीकडे, दुधनेचं पाणी, हवा स्वच्छ असेल तर डावीकडे दूरवर येलदरी धरण. आणि एवढ्यात उतरणीची वेळ होते.

उतरणीचा आमचा गावठी हिशोब असा की हजार फूट खाली यायला तीन नॉटिकल मैल हवेत. नांदेड विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,२५० फुटांवर. १३,००० वरून तिथे यायचं म्हणजे बारा हजारांची उतरण, ३६ मैल, वर वेग कमी करायला तीन-चार मैल. म्हणजे नांदेडच्या ४० मैल, ७४ किलोमीटर आधीच नाक खाली करायचं. उजवीकडे परभणी, मग पूर्णा, मग गोदावरी. वर सपाट उडणं किती झालं? परतूर ते परभणीच्या अलीकडेपर्यंत, सहा-सात मिनिटं.

मग लोक विचारतात, जेट का लावत नाहीत? जेट लावलं तरी फारसं हाती लागत नाही. १०,००० फुटांखाली सगळ्यांनाच २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा असते. जेट त्याच्या खऱ्या उंचीवर, ३५,००० फुटांवर, जाईस्तोवर नांदेड येऊन गेलेलं असेल. म्हणून त्यालाही अठरा-वीस हजारांवरच थांबावं लागतं, जिथे ते तेल जास्त पितं आणि वेग पुरता वापरू शकत नाही. फायदा चार-पाच मिनिटांचा. पुणे–मुंबई द्रुतगतीवर पळणारी गाडी गुलमंडीच्या गल्लीत आणली तर रिक्षा तिच्या बरोबरीने चालते, तसं.

आता ज्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त कागद खरडले ती: धावपट्टीची दिशा.

धावपट्टीवर जो आकडा रंगवलेला असतो तो तिची दिशा सांगतो. ०९ म्हणजे होकायंत्राचे ९० अंश, पूर्वेकडे. तीच पट्टी उलट्या टोकाने २७, पश्चिमेकडे. चिकलठाण्याची पट्टी ०९/२७ आहे. नांदेडची १०/२८. आणि संभाजीनगरहून नांदेडची दिशा किती? जवळपास ११० अंश. म्हणजे दोन्ही पट्ट्या प्रवासाच्या ओळीतच आहेत. असं भाग्य फार थोड्या जोड्यांना लाभतं. लातूरची पट्टी ०५/२३, तिरपी. तिथून नांदेडला जायचं तरी दिशा जुळते, संभाजीनगरला जायचं तर वळण घ्यावंच लागतं.

ओळीत असण्याचा फायदा मात्र वाऱ्याच्या मर्जीवर. विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि उतरतं. हिवाळ्यात आपल्याकडे खाली बऱ्याचदा ईशान्येचा, पूर्वेचा वारा असतो. मग चिकलठाण्याहून ०९ ने उडालो, उजवीकडे वीसेक अंश वळलो, आणि नांदेडला थेट १० वर उतरलो. कुठेही फेरा नाही. बत्तीस-तेहतीस मिनिटांत चाकं टेकली.

जून लागला की चित्र उलटतं. नैर्ऋत्येचा, पश्चिमेचा वारा सुटतो. आता नांदेडला जायचं तर चिकलठाण्याहून आधी पश्चिमेला, शहरावरून उडायचं, मग मागे वळायचं. तीन-चार मिनिटं गेली. नांदेडला पोचल्यावर २८ वर उतरायचं म्हणजे विमानतळ ओलांडून पूर्वेला पुढे जायचं, पुन्हा फिरून पश्चिमेला तोंड करायचं. आणखी पाच-सहा मिनिटं. अंतर तेच २१५, पण विमान प्रत्यक्षात २५० च्या वर चाललं.

याच दिवशी परतीचं विमान बघा. नांदेडहून २८ ने सरळ पश्चिमेला उडालं, संभाजीनगरला सरळ २७ वर उतरलं. वारा तोंडावर आहे, म्हणजे पळताना मार खातो आहे. तरी ते छत्तीस-सदतीस मिनिटांत पोचतं, आणि वारा पाठीशी घेऊन निघालेलं सकाळचं विमान एकोणचाळीस-चाळीस घेतं. पाठीवर वारा असून उशीर आणि छातीवर वारा असून लवकर! नव्या डिस्पॅचरला हे गणित मी मुद्दाम घालायचो. लांबच्या प्रवासात वारा जिंकतो, जवळच्या प्रवासात फेरा जिंकतो. दाजींना सांगा, पावसाळ्यात नांदेडहून संभाजीनगरला येणं त्यांच्या फायद्याचं. जाणं नाही.

ढगांचं वेगळंच. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळवाचे ढग उभे राहतात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाचे. मराठवाड्यावर हे ढग ४०,००० फुटांपर्यंत चढतात. त्यांच्या वरून जाता येत नाही, पोटातून जायचं नाही, म्हणून वळसा. वळशाचे तीस-चाळीस किलोमीटर कुठल्याच फोनवर दिसत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत गोदाकाठच्या पहाटेच्या धुक्याची भर. तेव्हा उडायलाच परवानगी नसते, त्यामुळे हवेतला वेळ अगदी वेळेवर असतो. प्रवासी मात्र दोन तास खुर्चीवर.

आता वेळापत्रक. तिकिटावर जी वेळ छापतात ती उड्डाणाची नसते. विमान उभं असताना चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान हललं की घड्याळ सुरू, मुक्कामी पुन्हा ठोकळे लागले की बंद. याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. वहीत ‘चॉक्स ऑफ’, ‘चॉक्स ऑन’ अशा दोन वेळा लिहायच्या. संभाजीनगर किंवा नांदेडसारख्या ठिकाणी जमिनीवर चालायला दोन्हीकडे मिळून दहा-बारा मिनिटं पुरतात. म्हणजे ब्लॉक ४५ ते ५५. कंपनी त्यात थोडी हवा भरते आणि ५० मिनिटं ते १ तास छापते. उशीर झाला तरी वेळेवर पोचल्याची नोंद व्हावी, एवढाच त्यामागचा हेतू. याला फसवणूक म्हणणारे लोक आहेत. मला ती समजूतदार सवय वाटते. लग्नपत्रिकेवर मुहूर्त कुठला छापतात आणि अक्षता कधी पडतात, आपल्याला माहीत आहेच.

मुंबई–संभाजीनगरचं उदाहरण घ्या. सरळ अंतर २८० किलोमीटरच्या आतच. हवेत काम पस्तीस-चाळीस मिनिटांचं. तिकिटावर मात्र तास ते सव्वा तास. हा फरक मुंबईचा. तिथे दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. सकाळी उडायला रांग, संध्याकाळी उतरायला रांग. आपल्या डोक्यावरून निघालेलं विमान तिथे घिरट्या घालत बसतं. नांदेड–संभाजीनगरला ही कटकट नाही. दोन्हीकडे तुम्ही एकटेच असता.

वेळेइतकाच उन्हाळ्याचा प्रश्न वजनाचा असतो, आणि तो लोकांना कोणी सांगत नाही. चिकलठाण्याची उंची १,९११ फूट. या उंचीवर हवेचं ‘पुस्तकी’ तापमान ११ अंश धरलेलं असतं. मे मध्ये तिथे ४२ असतं. गरम हवा विरळ होते, पंखांना आधार कमी मिळतो, इंजिनाला दम कमी मिळतो. सोपा हिशोब असा की पुस्तकी तापमानाच्या वर प्रत्येक अंशाला १२० फूट मिळवायचे. ३१ अंश जास्त, म्हणजे सुमारे ३,७००. मूळ १,९११ धरून ५,६०० फूट. कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट आहे. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी चिकलठाण्याहून निघालेलं विमान, त्याच्या पंखांच्या लेखी, कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही उंच जागेवरून उडत असतं.

अशाच एका मे मधल्या दुपारी माझ्या सहीने एका वऱ्हाडाचं सामान मागे राहिलं होतं. मुंबईची फेरी, विमान भरलेलं, वऱ्हाडाकडे पितळेची भांडी आणि रुखवताचे डबे. पारा चढला, वारा पडला, गणित बसेना. दोनच पर्याय होते, माणसं उतरवायची की सामान. मी सामान उतरवलं, ते संध्याकाळच्या विमानाने जाणार होतं. नवरीची मावशी काउंटरवर आली आणि म्हणाली, ‘विमान एवढं थोरलं अन् लाडवाच्या डब्यानं पडतंय व्हय?’ मी काय उत्तर देणार? लाडवाच्या एका डब्याने नाही पडत, पण शेवटचा डबा कोणाचा हे वजनकाटा विचारत नाही. पुढे त्या कंपनीने फेरीच सकाळी नेली. उन्हाळ्यात मराठवाड्यातली दुपारची फेरी मला कधीच आवडली नाही.

आणि जे १९९३ साली संभाजीनगरात होते त्यांना हे सांगावं लागत नाही. २६ एप्रिल १९९३, दुपारी एकच्या सुमारास, इंडियन एअरलाइन्सचं ४९१ क्रमांकाचं विमान भरल्या वजनाने चिकलठाण्याहून मुंबईला निघालं. धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला त्याची धडक बसली. ११८ पैकी ५५ जण गेले. चौकशीत नाक उशिरा उचलल्याचा ठपका वैमानिकावर आला, आणि त्या रस्त्यावरची वाहतूक उड्डाणाच्या वेळी थांबवली जात नव्हती हेही नोंदलं गेलं. आज तिथली धावपट्टी २,८३५ मीटरची आहे. नांदेडची २,३०० मीटर. ती २००८ साली, गुरू-ता-गद्दीला, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबांना गुरुपद मिळाल्याला, ३०० वर्षं झाली त्या सोहळ्याच्या निमित्ताने, मोठी विमानं उतरतील अशी झाली.

तेलाचं थोडक्यात सांगतो. अर्ध्या तासाच्या या फेरीला तेल अर्ध्या तासाचं भरत नाहीत. फेरीपुरतं, त्यावर पाच टक्के, नांदेडला उतरता आलं नाही तर दुसरीकडे जाण्यापुरतं, आणि वर अर्धा तास नुसतं घिरट्या घालण्यापुरतं. दुसरीकडे म्हणजे कुठे? एक तर मागे संभाजीनगर, नाहीतर पुढे हैदराबाद, नांदेडपासून सरळ २४५ किलोमीटर. म्हणजे मुक्कामापेक्षा पर्यायी मुक्काम लांब! या फेरीत विमान जेवढं तेल जाळतं त्याच्या दुपटीहून जास्त सोबत वाहून नेतं.

तुमच्या फोनने हैदराबादमार्गे पाठवलं ते का, तेही सांगतो. नांदेड–हैदराबाद २४५ आणि हैदराबाद–संभाजीनगर सुमारे ४३०, मिळून ६७५ किलोमीटर. २१५ च्या जागी तिप्पट, त्यात मधली बसकण वेगळी. विमान कंपन्यांची जाळी मोठ्या शहराभोवती विणलेली असते, मराठवाड्यातल्या दोन गावांमध्ये नाही. लहान शहरांना विमानाने जोडण्याची सरकारी उडान योजना २०१६ ला आली आणि २७ एप्रिल २०१७ रोजी जी पहिली विमानं उडाली त्यांत नांदेड–हैदराबाद होतं. नांदेड–संभाजीनगर नव्हतं. मूळ योजनेत सपाट मुलखात २०० ते ८०० किलोमीटरच्या मार्गांनाच सरकारी मदत होती. आपलं २१५ त्यात कसंबसं बसतं. लातूर–संभाजीनगर १९६, चार किलोमीटरने हुकलं. लातूर–नांदेड तर १२४ च. नियम करणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं, की २०० च्या आत माणूस सडकेने किंवा रेल्वेने जाईल. मराठवाड्यातली सडक बघून त्यांनी तो आकडा ठरवला होता का, हे मला कोणाला तरी विचारायचं होतं. राहून गेलं.

एक बारीक सूचना. तिकीट शोधताना शहराचं नवं नाव टाकून काही आलं नाही तर घाबरू नका. शहराचं नाव २०२३ साली बदललं, पण विमानतळाचा तीन अक्षरी कोड आयएक्सयू तोच राहिला. नांदेडचा एनडीसी. कोड टाकला की चुकत नाही. वेळापत्रक मात्र दर वर्षी दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मागच्या दिवाळीला होती ती फेरी या उन्हाळ्यात असेलच असं धरून चालू नका.

आता तुमचा खरा प्रश्न, ‘आम्हाला किती वेळ लागला असता?’ दाजींच्या घरून नांदेड विमानतळ २० मिनिटं. काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, म्हणून तिथे सव्वा तास आधी. ब्लॉक ५० मिनिटं. उतरून बॅग घेऊन बाहेर यायला २०. चिकलठाण्याहून गुलमंडीला जालना रोडच्या गर्दीतून ३०. बेरीज १९५ मिनिटं, सव्वातीन तास. मुंबईची वंदे भारत आता नांदेडहून सुटते आणि पहाटे निघून परभणी, जालना करत संभाजीनगरला साधारण तेवढ्याच वेळात येते. तीही कोणाला सव्वा तास आधी स्टेशनात न बोलावता. जालना–नांदेड द्रुतगती मार्ग झाला की गाडीवालेही याच आकड्याच्या आसपास येतील. माझं आयुष्य विमानांवर गेलं, तरी पैसे माझे असतील तर या दोन गावांत मी विमानाचं तिकीट काढणार नाही. दवाखान्याचं निकडीचं काम असेल, पेशंट स्ट्रेचरवर असेल, तर गोष्ट निराळी. तेव्हा सहा-आठ जणांचं छोटं किंग एअर मागवतात. ते हेच अंतर तीस-बत्तीस मिनिटांत कापतं. पण आधी ते मुंबईहून किंवा हैदराबादहून रिकामं यावं लागतं, आणि त्या रिकाम्या येण्या-जाण्याचे तासही बिलात लागतात. फोन लावल्यापासून नांदेडला विमान उभं राहीपर्यंतचा वेळ धरल्याशिवाय ३० मिनिटांचा आकडा घरच्यांना सांगू नका.

तुमच्या लेकीने खाली एक ओळ जोडली आहे, की परतूरच्या गच्चीवरून संध्याकाळी दिसणारं विमान संभाजीनगरचं की नांदेडचं. बाळ, ते बहुतेक दोन्हीपैकी कुठलंच नाही. मागे पांढरी रेघ सोडत जात असेल तर ते दहा-अकरा किलोमीटर उंचीवर आहे, मुंबईकडून पूर्वेला कुठेतरी लांब निघालेलं. नांदेडला उतरणारं विमान तुझ्या डोक्यावरून गेलंच तर ते त्याच्या निम्म्याहून कमी उंचीवर असेल, रेघ नसेल, आणि पंख्यांचा घुमणारा आवाज ऐकू येईल. पैजेचे पैसे बाबांनी आणि दाजींनी तुलाच द्यावेत, कारण तिघांत नीट बघणारी तू एकटीच दिसतेस.